होडीतून पॉम्पानोसाठी जिगिंग (मुंबई ते मांडवा-किहिम): वजन, तळ आणि भरतीचं गणित

शिसं_आणि_तंगूस

हलक्या जिगिंगच्या (वजनदार बनावट आमिष, म्हणजे जिग, उडवत मासा पकडण्याच्या) जुन्या धाग्यावर पॉम्पानोचे प्रश्न वेगळे काढा म्हणून बऱ्याच जणांनी सांगितलं होतं, म्हणून हा नवा धागा. व्याप्ती आधीच सांगतो: १६ ते २० फुटी फायबरची होडी, ९.९ किंवा १५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड आणि ३ ते १० मीटर पाणी. सुरमईसाठीचं ओढकाम (चालत्या होडीमागे आमिष ओढणं) आणि खोल पाण्यातली दीडशे ग्रॅमची जिग इथे नको.

पहिलं म्हणजे नाव. पॉम्पानो म्हणजे पापलेट नव्हे. पापलेट पाण्यात तरंगणारे बारीक जीव आणि जेलीफिश खातो, त्यामुळे जिगवर त्याची वाट बघण्यात अर्थ नाही, तो जाळ्याचाच मासा. पॉम्पानो हा कोकेरच्या कुळातला. तोंड खालच्या बाजूला, ओठ रबरासारखे, मोठ्या माशाच्या जबड्यात दात जवळपास नसतात. पण घशात चुरा करणाऱ्या जाड पट्ट्या असतात. वाळूतले छोटे खेकडे, तिसऱ्या, गोगलगायी उकरून तो तिथेच फोडून खातो. सगळं जिगिंग या एका गोष्टीवर उभं आहे. जिग माशासारखी पळवायची नाही, तळाशी वाळूवर आपटत न्यायची.

सामान: साडेसहा ते सात फुटी रॉड, टोक चपळ, ७ ते २८ ग्रॅमची जिग पेलणारा. रीळ २५०० किंवा ३००० आकाराचं. ब्रेड (विणलेली दोरी) पीई ०.८ ते १; पीई हे तिच्या जाडीचं माप. पीई १ चा व्यास ०.१६५ मिमी आहे, यापेक्षा जाड घेतलीत तर प्रवाह तिलाच पकडून जिग वर उचलतो. पुढे २० पौंडाचा फ्लुरोकार्बन लीडर (जिगआधीचा पारदर्शक दोरीचा तुकडा), एक ते सव्वा मीटर. दोन्ही जोडायला एफजी गाठ. ती जमत नसेल तर दुहेरी युनी, पण मग लीडर गाइडच्या (रॉडवरच्या कड्यांच्या) बाहेर राहील इतका आखूड ठेवा.

जिग दोन प्रकारच्या. एक, शिशाचं डोकं आणि आखूड दांड्याची १/० मापाची गरी, मागे नायलॉनचा किंवा केसांचा झुपका, वजन ७ ते १५ ग्रॅम. अमेरिकेत फ्लोरिडाला पॉम्पानो जिग म्हणतात ती हीच. दोन, १० ते २८ ग्रॅमची चपटी धातूची जिग. तिची खालची तीनकाट्याची गरी काढून टाका आणि वर एकच असिस्ट हुक (आखूड दोरीला बांधलेली गरी) लावा. तीनकाटा तळाशी ओढला की आधी प्लास्टिकची पिशवी येते, मग दुसरी पिशवी येते.

ड्रॅग (किती ओढीला रीळ दोरी सोडतं तो ताण) दीड ते दोन किलो. अंदाजाने नको, सामान तोलायचा हातातला काटा दोरीला अडकवून रॉड वाकवून मोजा.

मढ_बंदर_५

छान धागा. माझा प्रश्न: ४० ग्रॅमची जिग, ६-७ मीटर पाणी, मढच्या बाहेर. शिंगाळ्याशिवाय (कॅटफिश) काही लागत नाही. रंग बदलून पाहिले, तीच गत. नेमकं काय चुकतंय?

काळपट_पाणी

रंग गुलाबीच ठेवा. गढूळ पाण्यात गुलाबीच दिसतो.

चिखल_की_वाळू

@मढ_बंदर_५, रंगाचा यात काही संबंध नाही, तुम्ही चिखलावर उभे आहात. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्याला पुळणीची वाळू किनाऱ्यालगत आहे, थोडं बाहेर गेलं की बहुतेक ठिकाणी मऊ गाळ लागतो. शिंगाळा तिथे खूश असतो, पॉम्पानो नसतो. आणि ४० ग्रॅमची जिग गाळात रुतते. वर खेचली की चिखलाचा धूर उडतो आणि गरीला गाळाची टोपी बसते. हाताला जडपणा लागतो तो त्या टोपीचा.

म्हणून जिग बांधायच्या आधी तळ पाहायचा. ध्वनीने तळ दाखवणारं यंत्र असलं तर उत्तमच: कठीण तळ जाड, ठळक पट्टा दाखवतो आणि त्याच्या दुप्पट खोलीवर दुसरा फिका पट्टा उमटतो, गाळाचा पट्टा फिका आणि दुसरा प्रतिध्वनी जवळपास नाहीच. पण छोट्या होडीत यंत्र नसलं तरी अडत नाही. शिडाच्या जहाजांवर तळ चाचपायचं जे शिसं असायचं त्याची युक्ती आजही तशीच्या तशी चालते. अर्धा किलोचं शिसं घ्या, ज्याचा बूड चपटा आहे. बुडात दोन रुपयाच्या नाण्याएवढा, नखभर खोल खड्डा कोरा. त्यात कपडे धुवायच्या साबणाची वडी दाबून भरा, वरून बोटाने थोडी फुगीर ठेवा. (पूर्वी चरबी भरत. ग्रीसही चालतं, पण हात आणि मग ब्रेड तेलकट होते.) तंगुसावर (नायलॉनच्या दोरीवर) दर मीटरला गाठ. खाली सोडा, तळाला लागलं की एकदा हातभर उचलून पुन्हा आपटा, वर घ्या आणि साबण बघा.

साबणावर करडा गुळगुळीत लेप आला, बोटाने चोळला तर लोण्यासारखा पसरला: गाळ, पुढे चला. दाणे चिकटले, नखाने खरवडताना करकर वाजलं: वाळू. दाण्यांबरोबर पांढरे शिंपल्यांचे तुकडे आले तर होडी तिथेच थांबवा, पॉम्पानोचं ताट वाढलेलं आहे. साबण कोराच आला, वर ओरखडे: खडक किंवा कालवांचा थर. तिथे जिग जाईल, पण तांबोशी किंवा हेकरू मिळायची शक्यता आहे. दर शंभर मीटरला एकदा शिसं सोडून पाहिलं तर तासाभरात वाळूच्या पट्ट्याची कड सापडते. ती कड फोनवर खूण करून ठेवा, कारण मासा बहुतेकदा मधोमध नसतो, वाळू आणि गाळ जिथे भेटतात तिथे असतो.

नौकानयनाचे नकाशे देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे आहेत. त्यात खोलीच्या आकड्यांशेजारी तळाची अक्षरं छापलेली असतात: एस म्हणजे वाळू, एम चिखल, आर खडक, एसएच शिंपले. सुरुवात तिथून करा, खात्री साबणाने.

अजून एक फुकटची खूण. नगली मासा लागला की खाली वाळू आहे असं समजा. लागोपाठ शिंगाळे आले तर जागा बदला.

मढ_बंदर_५

साबणाची वडी! घरात आता काय उत्तर देऊ. 😄 पण कळलं. मग वजन किती घेऊ?

शिसं_आणि_तंगूस

तळ टेकल्याचा ठोका हाताला कळेल तेवढं, त्याच्यावर एक ग्रॅमही नको. सुरुवातीला भांगेच्या पाण्यात (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) ५ मीटरला १० ते १२ ग्रॅम. दोरी पाण्याशी ४५ अंशापेक्षा आडवी व्हायला लागली की एक पायरी वर जा. ४५ अंशाला ५ मीटर पाण्यात सुमारे ७ मीटर दोरी बाहेर असते, त्याच्या पलीकडे जिग तळावर आहे की अधांतरी हे सांगता येत नाही. २८ ग्रॅमनेही तळ सापडत नसेल तर तो वजनाचा प्रश्न उरलाच नाही, वेळ चुकली आहे.

उधाण_भांग

वेळेचं मी लिहितो, कारण मुंबईत निम्मे जण इथेच मार खातात. फ्लोरिडाचे व्हिडिओ बघून जाऊ नका. तिथे भरती-ओहोटीतला फरक आपल्या मानाने किरकोळ आणि पाणी काचेसारखं. आपल्याकडे उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास) सरासरी फरक साडेतीन-पावणेचार मीटर, भांगेला दीड मीटरच्या आसपास.

आता बारा भागांचा हिशोब करा. भरती सुमारे सहा तास चालते. पहिल्या तासाला बारातला १ भाग पाणी चढतं, मग २, मग ३, ३, २, १. उधाणाचा फरक ३.६ मीटर धरला तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ९० सेंटिमीटर पाणी चढतं. भांगेला १.४ मीटर धरला तर त्याच तासात ३५ सेंटिमीटर. म्हणजे उधाणात मधल्या दोन तासांत पाणी अडीच पटीने धावतं, तळाचा गाळ उचलतं आणि सगळा समुद्र चहा होतो. पॉम्पानो नजरेने खातो. चहात तुमची गुलाबी जिगही दिसत नाही, पांढरीही दिसत नाही.

म्हणून दिवस निवडा सप्तमी ते दशमी, दोन्ही पक्षांतल्या. पाणी निवळायला उधाणानंतर तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे अष्टमी-नवमी सगळ्यात बरी. तास निवडा भरतीचे पहिले दोन आणि शेवटचा. सुकतीला (पाणी ओसरताना) खाड्यांतलं पाणी बाहेर येतं, त्याबरोबर गाळ आणि कचराही येतो. खाडीच्या मुखाशी सुकतीला जिग टाकणं म्हणजे गटारात पाहणं.

भरती कधी लागेल याचं आपल्याकडचं जुनं गणित सगळ्यांना ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट. अष्टमीला ८ चे पाऊण ६, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पण पाऊणपटीने दर तिथीला ४५ मिनिटं धरली जातात आणि पौर्णिमेला सव्वाअकरा येतात. ४८ मिनिटं धरली तर १५ तिथींचे बरोबर बारा तास होतात आणि अष्टमीला सहा वाजून चोवीस मिनिटं. अर्ध्या तासाचा फरक जिगिंगला महत्त्वाचा आहे. ही रीत घरी बसून दिवस ठरवायला वापरा, निघताना मात्र छापील तक्ता किंवा ॲप बघा.

अडचण अशी की अष्टमीला सकाळी सहाच्या सुमारास भरती संपते आणि दुपारी साडेबाराला ओहोटी. म्हणजे उजाडल्यावरची सगळी चांगली वेळ सुकतीत जाते. त्यामुळे व्यवहारात दशमी-एकादशी बरी पडते: भरती आठ ते पावणेनऊच्या दरम्यान भरते, भरतीचा शेवटचा दीड तास आणि वरचं थांबलेलं पाणी उजेडात मिळतं.

काळपट_पाणी

पाणी स्वच्छ आहे की नाही हे होडीतून कसं ठरवायचं? वरून सगळं सारखंच दिसतं.

उधाण_भांग

पांढरं झाकण घ्या, बरणीचं, तळहाताएवढं. मध्ये भोक, खाली शिसं, वर गाठी मारलेला तंगूस. सावलीच्या बाजूने सोडा आणि दिसेनासं होतं ती खोली मोजा. मीटरभर दिसलं तर उत्तम. अर्धा मीटर असेल तर जिगच्या गरीला कोलंबीचा नखाएवढा तुकडा लावा, वासाने काम होईल. ३० सेंटिमीटरच्या आत झाकण गेलं तर जिग पेटीत ठेवा आणि कोलंबी लावून नुसते बुडीद गळ टाका, करकरा तरी मिळेल.

पुळणीवरचा

कोलंबीचा तुकडा लावताना एक: सोललेली नको, शेपटीचं कवच ठेवा, नाहीतर केंड दोन चाव्यांत गरी साफ करतो. आणि केंड लागलाच तर सोडून द्या, पोरं फुगवून खेळतात ते बघवत नाही. खायचा तर विचारही नको, विषारी.

चिखल_की_वाळू

आता होडी. या धाग्यावर अजून कुणी त्याबद्दल बोललं नाही, आणि जिगिंग निम्मं होडीचंच असतं. एक नॉट म्हणजे मिनिटाला सुमारे ३१ मीटर. दोनशे मीटरचा वाळूचा पट्टा साडेसहा मिनिटांत संपतो. अर्ध्या नॉटला तेरा मिनिटं मिळतात. अर्धा ते एक नॉट हा वेग धरा, फोनवर दिसतो.

जास्त वेगाने वाहत असाल तर पाण्यातलं पॅराशूट सोडा. नसेल तर वीस लिटरची रंगाची बादली, बुडाला अंगठ्याएवढी चार-पाच भोकं, कडीला चार मीटर दोरी. कडी प्लास्टिकची असेल तर तुटते, बादलीच्या काठाखाली दोन भोकं पाडून दोरी आरपार घ्या. बादली वाऱ्याच्या बाजूला, होडीच्या मध्यावर बांधा म्हणजे होडी आडवी वाहते आणि दोघांनाही जागा मिळते. लाट फुटत असेल तिथे आडवं वाहू नका, मग नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकाला) बांधा. चालत्या पंख्याजवळ ही दोरी जाऊ देऊ नका.

दोघेही वाऱ्याच्या बाजूने टाका. उलट बाजूने टाकलीत तर दोरी होडीखाली जाते आणि काठाला घासून ब्रेड फुटते.

जिगची चाल: तळ लागला, रिळाची बेल (दोरी अडवणारी तार) बंद, दोरीतला ढिलेपणा काढा. मग मनगटाने रॉडचं टोक ३०-४० सेंटिमीटर वर, झटक्यात. आणि खाली येताना टोक जिगच्या मागोमाग आणा. दोरी ना ताठ, ना लोंबती. ताठ असेल तर जिग लंबकासारखी होडीकडे येते, सरळ पडत नाही. लोंबती असेल तर चावा कळत नाही. जिग पडली की वाळूचा छोटा धुरळा उडतो, पळणाऱ्या खेकड्यासारखी; मासा त्यावरच येतो. दोन सेकंद थांबा. मग पुन्हा.

चावा जवळपास नेहमी पडतानाच. ठोका जाणवतो, किंवा जिग जिथे टेकायला हवी त्याच्या आधीच दोरी ढिली पडते. दुसरा प्रकार जास्त वेळा होतो आणि तोच सगळे सोडतात. जोरात झटका देऊ नका. ओठ जाड पण मऊ आहेत, गरी फाडून निघते. रीळ गुंडाळत दोरी भरा, रॉड वाकला की तेवढं पुरे. पॉम्पानो आडवा होऊन गोल फिरतो, बशीसारखा. होडीजवळ आला की शेवटची धाव खाली मारतो. तिथे बोटाने रीळ दाबू नका. जाळी डोक्याकडून.

गाठ_सुटली

लीडर तुटला की ते टोक फेकू नका, वाचा. टोक ब्लेडने कापल्यासारखं स्वच्छ असेल तर वाकटी किंवा छोटी सुरमई. पॉम्पानो दोर कापू शकत नाही. टोकाला खरबरीत, पांढुरकी घासण असेल तर खडक किंवा कालवं, होडी चुकीच्या जागी गेली आहे. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर दोष तुमचा, गाठ सरकली. फ्लुरोकार्बनची गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली केली नाही की हे हमखास.

वाकटी सतत कापत असेल तर तार लावायचा मोह होतो. लावू नका, पॉम्पानो तारेवर येत नाही. दहा सेंटिमीटर ४० पौंडाचा तुकडा पुढे जोडा किंवा शंभर मीटर सरका. वाकट्यांचा घोळका जागा सोडतो, तुम्ही नाही सोडली तर जिगचा डबा रिकामा होतो.

मढ_बंदर_५

तयार जिग महाग पडतात आणि हरवतातही फार. घरी ओतता येतील का?

शिसं_आणि_तंगूस

येतात, पण स्वयंपाकघरात नाही. शिसं ३२७ अंशाला वितळतं, त्याची वाफ आणि वरची राख दोन्ही पोटात जाऊ नयेत. गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून, आणि जे भांडं वापराल त्यात पुन्हा कधी पाणीसुद्धा तापवायचं नाही. लहान मूल असेल तर तो उद्योगच नको.

साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा. तो वाळला असं वाटतं आणि आत ओल असते. वितळलेलं शिसं ओलीवर पडलं की वाफ होऊन उडतं, तोंडावर येतं. साचा ओव्हनमध्ये किंवा दोन दिवस कडक उन्हात वाळवा, चष्मा, पूर्ण बाह्या, बंद बूट. गाडीच्या चाकाची जुनी वजनं भंगारातून घेत असाल तर त्यात जस्ताची असतात. जस्त ४१९ अंशाला वितळतं, म्हणजे शिसं पातळ झालं तरी ती वर तरंगतात. तेव्हाच चिमट्याने काढा. आच वाढवून वितळवलीत तर सगळा घाणा खिरीसारखा होतो, साच्याच्या कोपऱ्यात जात नाही.

मापाचं: शिशाची घनता ११.३४. चहाचा चमचा ५ मिलीचा धरला तर काठोकाठ भरून सुमारे ५७ ग्रॅम. म्हणजे चमच्याचा चौथा भाग पोकळी कोरलीत की १४ ग्रॅमची जिग. साच्याच्या पोकळीत आधी पाणी ओतून सिरिंजने मोजा, मग पुन्हा वाळवा. (हे ‘पुन्हा वाळवा’ कुणी करत नाही आणि मग वर लिहिलेलं घडतं.)

रंग: नखांना लावायचं पॉलिश, आधी पांढऱ्याचे दोन हात, मग पिवळा किंवा गुलाबी, शेवटी दोन भागांचं पारदर्शक एपॉक्सी. एपॉक्सी नसेल तर तिसऱ्या आपटण्याला टवका उडतो. झुपका जिगच्या गरीच्या वाकाच्या पुढे अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. लांब झुपका दिसायला छान, पण मासा शेपूट धरतो आणि सोडतो.

डोलीवाला

एक विनंती, जरा कडक शब्दांत. वर्सोवा, मढ, उत्तन, अर्नाळा या पट्ट्यात डोली (खुंटाला बांधलेली पिशवीसारखी जाळी) लागलेल्या असतात. ड्रम आणि बोये दिसतात म्हणजे खाली खुंट आणि जाळं आहे. डोलीचं तोंड प्रवाहाकडे असतं आणि तुम्ही प्रवाहाबरोबरच वाहता, म्हणजे तोंडासमोर वाहायला सुरुवात केलीत तर जिग, बादली आणि शेवटी होडी जाळ्यात. वाहायचंच तर खोल्याच्या (जाळ्याच्या बंद टोकाच्या) मागून, जाळं पाठीमागे ठेवून सुरू करा. आणि पाणी फिरलं की तोंडही फिरतं, तेव्हा सकाळी मोकळी असलेली बाजू दुपारी मोकळी राहत नाही.

जिग अडकली तर जाळं वर ओढू नका, कापू तर अजिबात नका. दोरी हाताला गुंडाळून नाही, लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून ओढा, लीडर तुटू द्या. जिग शंभर-दोनशेची आहे. जाळं नाखव्याचं आहे.

उधाण_भांग

+१. रात्री लावलेली तरती जाळी पहाटे दिसत नाहीत, फक्त टोकाचे दिवे दिसतात. दोन दिव्यांच्या मधून जायचं नाही, वळसा घालायचा.

पुळणीवरचा

फ्लोरिडाचा एक प्रकार इथेही करून पाहण्यासारखा आहे. तिथले लोक उथळ पाण्यावरून होडी वेगाने नेतात आणि एक जण मागे बघत बसतो. होडीच्या आवाजाने पॉम्पानो घाबरून मागच्या लाटेतून बशी फेकल्यासारखे आडवे उड्या मारत बाहेर येतात. जिथे उडी दिसली तिथे खूण करून, वळसा घेऊन, इंजिन बंद करून परत वाहत यायचं.

चिखल_की_वाळू

मांडवा-किहिमच्या बाहेर करता येईल, पाणी दोन-तीन मीटरपेक्षा जास्त हवं आणि भरती चढती. सुकतीला करू नका, वाळूच्या दांड्यावर पंखा आपटला की शिअर पिन (पंख्याची खीळ) जाते. पोहणारे, पॅरासेलिंगच्या दोऱ्या, रो-रो बोटीचा मार्ग, तिन्हींपासून लांब. आणि मागे बघणारा खाली बसलेला हवा.

नाळेवर_बसू_नका

सुरक्षेचं थोडक्यात, कारण दर धाग्यावर लिहावं लागतं. लाइफ जॅकेट अंगात, बाकाखाली नाही. किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी सुकाणूवाल्याच्या मनगटाला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि समुद्रही छोट्या होडीचा नसतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो, पाणी सपाट. अकराच्या पुढे खारा वारा उठतो. मार्चनंतर तो दुपारी चांगलाच झोंबतो आणि मांडव्याहून मुंबईकडे येताना लाट डाव्या बाजूने आपटते. साडेदहाला जिग वर.

जहाजांच्या मार्गात वाहू नका. आंतरराष्ट्रीय नियम ९ प्रमाणे २० मीटरपेक्षा लहान नौकेने अरुंद मार्गातल्या जहाजाला अडथळा करायचा नाही. आणि नियम नसता तरी ते जहाज थांबू शकत नाही. जवाहर द्वीप, बीएआरसीसमोरचं पाणी, नौदलाची हद्द इथे मासा कितीही असो, जायचं नाही. होडीची कागदपत्रं आणि ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर, निघताना बंदरावर नोंद. तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल १६.

शिंगाळ्याचा काटा लागला तर सोसेल तेवढ्या गरम पाण्यात हात तासभर ठेवा, वेदना उतरते. थर्मासमध्ये चहाऐवजी गरम पाणी न्या. पाठीवरचा एक आणि दोन्ही बाजूंचे दोन, तिन्ही काट्यांना करवत असते; तुटून आत राहिला तर डॉक्टर.

काळपट_पाणी

बाजारात पॉम्पानो मिळतो तो हाच का? आणि लागला तर पापलेटपासून वेगळा कसा ओळखायचा? विकणारे ‘पापलेटच आहे’ म्हणतात.

गाठ_सुटली

पोटाखाली बघा. पापलेटला पोटाचे पर नसतात, पॉम्पानोला असतात. मग शेपटीच्या देठावरून बोट फिरवा. हलव्याला (काळ्या पापलेटला) तिथे खरबरीत खवल्यांची धार लागते, पॉम्पानोचा देठ गुळगुळीत. नाक बोथट, जणू कुणी अंगठ्याने दाबलंय, आणि पाठीचा व पोटामागचा पर पुढून विळ्यासारखा लांब. ट्रॅकिनोटस ब्लोकी आणि ट्रॅकिनोटस मुकाली असे दोन मोठे प्रकार आपल्या देशात आहेत. बाजूच्या रेषेवर दोन-चार काळे ठिपके असतील तर तो ठिपकेवाला छोटा चुलत भाऊ.

बाजारात येतो त्यात पिंजऱ्यात किंवा तळ्यात वाढवलेलाही असतो. सीएमएफआरआयच्या (केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या) मंडपम केंद्राने २०११ मध्ये ब्लोकीचं बीज तयार केलं, त्यानंतर त्याची शेती वाढली. पापलेट मात्र २०२३ पासून राज्य मासा आहे आणि त्याला किमान आकार ठरवून दिलेला आहे, १३५ मिलिमीटर. पॉम्पानोच्या बाबतीत हातभरापेक्षा लहान असेल तर सोडावा असं माझं मत, कायदा म्हणून नाही.

पुळणीवरचा

खायला घट्ट आणि जरा तेलकट. पापलेटसारखा नाजूक समजून तव्यावर टाकू नका, कातडी जाड आहे, दोन्ही बाजूंना काट्यापर्यंत तीन चिरे हवेत. मीठ, हळद, कोकमाचं आगळ लावून अर्धा तास, मग तिखट आणि रवा. होडीतच गलफडं कापून रक्त काढा. दोन भाग बर्फ, एक भाग समुद्राचं पाणी यात टाका. नुसत्या बर्फावर ठेवलेला मासा एका बाजूने गार होतो.

मढ_बंदर_५

शेवटचा प्रश्न. असिस्ट हुकची दोरी किती लांब? माझी गरी सारखी जिगलाच अडकते.

शिसं_आणि_तंगूस

लांब आहे. हुक खाली लोंबू द्या, टोक जिगच्या मध्याच्या आसपास संपलं पाहिजे. पाच सेंटिमीटरच्या जिगला दोरी, गाठ आणि गरी मिळून अडीच सेंटिमीटर. तरीही अडकत असेल तर दोरी फार मऊ आहे. तिच्या आत २० पौंड फ्लुरोकार्बनचा तुकडा सरकवा, ताठ राहते. आणि घरी आल्यावर गोड्या पाण्यात धुवा. गरीच्या डोळ्याशी, दोरीच्या खाली लपलेला गंज दिसत नाही, एकदा नखाने दोरी बाजूला सारून बघा. काळा डाग असेल तर ती गरी बदला.